मुंबईच्या घरातून ढेकूण घालवताना: पहिल्यांदाच गाठ पडलेल्यांसाठी कामाचा क्रम

घरात ढेकूण झाल्याचे लक्षात येताच बहुतेक माणसे नाक्यावरच्या दुकानातून फवाऱ्याचा डबा आणतात, त्याच रात्री तो गादीवर रिकामा करतात आणि दोन रात्री शांत झोप लागली की प्रश्न मिटला असे समजतात. तिसऱ्या आठवड्यात चावे पुन्हा सुरू होतात, आणि तोवर पलंगापुरते असलेले ढेकूण भिंतीवरच्या घड्याळामागे आणि आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीत जाऊन बसलेले असतात. ढेकूण घालवण्यात औषधाचा वाटा थोडा आणि कामाच्या क्रमाचा वाटा फार मोठा असतो. औषध या क्रमात येते, पण बरेच उशिरा. त्याआधीची कामे नीट झाली असतील तरच ते उपयोगी पडते.

आधी खात्री करून घ्यावी

केवळ अंगावर उठलेल्या गांध्यांवरून निदान करू नये. ढेकणाचे चावे बरेचदा दंड, मान, पाठ अशा उघड्या राहणाऱ्या भागांवर एका ओळीत किंवा पुंजक्याने दिसतात हे खरे असले, तरी डास, पिसवा आणि खरूज यांच्या खुणाही जवळपास तशाच दिसू शकतात. शिवाय एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचे अंग लाल होते आणि दुसऱ्याच्या त्वचेवर काहीच उमटत नाही, कारण प्रत्येकाच्या शरीराची प्रतिक्रिया वेगळी असते आणि काहींच्या बाबतीत ती काही दिवसांनी दिसते. त्यामुळे "मला चावत नाहीत, म्हणजे घरात ढेकूण नाहीत" हा युक्तिवाद टिकत नाही.

मुंबईत आणखी एक शक्यता तपासावी लागते, ती कबुतरांची. खिडकीच्या छज्जावर, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे किंवा डक्टमध्ये कबुतरांचे घरटे असेल आणि पिल्ले उडून गेली असतील, तर त्या घरट्यातले माइट्स, म्हणजे पक्ष्यांचे रक्त पिणारे अतिसूक्ष्म जीव, भुकेपोटी खिडकीतून आत येतात आणि माणसाला चावतात. अशा घरात पलंगावर कितीही मेहनत घेतली तरी खाज थांबत नाही, कारण दुखणे खिडकीबाहेर असते.

ढेकणांचा खरा पुरावा पलंगात सापडतो. मोठा ढेकूण चपटा, तांबूस तपकिरी, बिनपंखांचा आणि साधारण मसुराच्या डाळीएवढा असतो. पोट भरल्यावर तो फुगतो आणि लांबट दिसू लागतो. पिल्ले फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असल्यामुळे पांढऱ्या चादरीवर चटकन दिसत नाहीत, पण रक्त प्यायल्यावर पोटात लाल ठिपका दिसतो. गादीच्या शिवणीवर आणि फळीच्या कडेला शाईचे टिंब पडल्यासारखे काळे ठिपके असतील, तर ओल्या पांढऱ्या फडक्याने एखादा पुसून पाहावा; ढेकणाची विष्ठा म्हणजे पचलेले रक्तच असल्याने तो ठिपका तांबूस तपकिरी होऊन पसरतो. त्याच ठिकाणी टाकलेल्या कातींची हलकी टरफले आणि सुमारे १ मिलिमीटर लांबीची, मोत्यासारखी पांढरी, लाकडाला चिकटवलेली अंडीही मिळतात. यांपैकी काहीच सापडले नाही तर औषध आणण्याची घाई करू नये. चिकटपट्टीवर एखादा नमुना मिळेपर्यंत थांबावे आणि खाज फार असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

ढेकूण माणसांमध्ये रोग पसरवतो असे आजवर आढळलेले नाही. त्रास होतो तो खाजेचा, खाजवून झालेल्या जखमा चिघळण्याचा आणि झोपमोडीचा. त्यामुळे भीतीपोटी जालीम विष घरात आणण्याचे काहीच कारण नाही, हे सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे.

शत्रूचा दिनक्रम

जगभरात माणसाच्या वाटेला जाणाऱ्या ढेकणांच्या मुख्य जाती दोन: थंड प्रदेशातली सायमेक्स लेक्ट्युलॅरियस आणि उष्ण प्रदेशातली सायमेक्स हेमिप्टेरस. आपल्याकडे प्रामुख्याने आढळते ती दुसरी. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही, फक्त चालतो; पण वेगाने चालतो आणि माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड व अंगाची ऊब यांच्या रोखाने येतो. रात्री, विशेषतः पहाटेच्या आधी, तो पाच-दहा मिनिटांत रक्त पिऊन परत लपणीत जातो आणि पुढचे काही दिवस बाहेर पडत नाही. अंगावर सापडलेला ढेकूण हा म्हणूनच घरातल्या ढेकणांचा अगदी लहान हिस्सा असतो. बाकीचे सगळे फटीत बसलेले असतात.

मादी रोज एक ते पाच अंडी घालते. मुंबईसारख्या उबदार हवेत अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात. पिल्लाला मोठे होईपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक काती आधी निदान एकदा रक्त लागते. सगळे जमून आले तर पाच ते सात आठवड्यांत पुढची पिढी अंडी घालायला तयार होते. या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की अंड्यावर बहुतेक फवाऱ्यांचा परिणाम होत नसल्याने एकाच फेरीत काम संपणे अशक्य आहे. दुसरा असा, की मे महिन्यात घर बंद करून महिनाभर गावी गेल्याने ढेकूण उपाशी मरतील, ही आशा व्यर्थ आहे. मोठा ढेकूण रक्ताशिवाय काही महिने काढू शकतो आणि आपण परत येतो तेव्हा तो फक्त जास्त भुकेला असतो.

याच कारणाने, पलंगावर ढेकूण आहेत म्हणून बैठकीच्या खोलीत सतरंजी टाकून झोपणे ही मोठी चूक ठरते. माणूस हलला की ढेकूणही हलतात आणि एका खोलीचा त्रास दोन खोल्यांचा होतो. ज्याला चावतात त्यानेच त्याच पलंगावर झोपत राहावे, हा सल्ला ऐकायला कठोर वाटतो, पण पुढची सगळी योजना त्याच्यावरच उभी आहे.

पाहणी: टॉर्च, पेचकस आणि जुने कार्ड

पाहणीसाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा. प्रखर टॉर्च, पेचकस, जुने एटीएम कार्ड किंवा तसलेच पातळ व ताठ प्लास्टिक, रुंद चिकटपट्टी आणि साबणाच्या पाण्याचा टब एवढे साहित्य पुरते. सापडेल तो ढेकूण चिकटपट्टीने उचलावा आणि टबात टाकावा; गादीवर किंवा भिंतीवर चिरडू नये, कारण डाग पडतात, उग्र वास येतो आणि नंतर नवी खूण कोणती व जुनी कोणती हे ओळखता येत नाही.

सुरुवात पलंगाच्या डोक्याकडच्या बाजूने करावी. चादर काढून चारही कोपरे आत दुमडत जागीच गुंडाळावी, झटकू नये. गादीच्या कडेचा गोट बोटांनी उलटा करत पूर्ण फेरी मारावी, कंपनीचे लेबल उचलून पाहावे, मग गादी उभी करून तिचा तळ पाहावा. त्यानंतर पलंग भिंतीपासून ओढून त्याची हेडबोर्डची फळी सोडवावी. बहुतेक घरांत हेच काम टाळले जाते आणि बहुतेक घरांत ढेकणांचा मोठा अड्डा नेमका तिथेच निघतो. हेडबोर्ड आणि पलंगाची बाजू जिथे स्क्रूने जोडलेली असते तिथे प्लायवूडची कच्ची, सनमायका न लावलेली कड असते; त्या खरबरीत कडेच्या फटीत कार्ड घालून वरून खाली ओढले की आधी काती गळतात, मग दोन-चार ढेकूण घाईघाईने बाहेर येतात, आणि टॉर्च तिरपा धरला तर स्क्रूच्या भोकाभोवती अंड्यांची रांग दिसते. बॉक्स बेड असेल तर आतले सगळे सामान, म्हणजे हिवाळी रजया, जुन्या साड्या, मुलांची गेल्या वर्षीची पुस्तके, बाहेर काढल्याशिवाय पाहणी पूर्ण झाली असे म्हणू नये. सामान जागच्या जागी मोठ्या प्लास्टिक पिशव्यांत भरून तोंडे बांधावीत. ते मोकळेच उचलून दुसऱ्या खोलीत नेले की ढेकूणही जातात.

लोखंडी कॉट असेल तर पोकळ पाइपची उघडी तोंडे, पायांखालची रबरी बुचे आणि पट्ट्यांचे सांधे पाहावेत. पलंगानंतर त्याच्यापासून दीड-दोन मीटरच्या परिसराकडे वळावे: सोफा, पडद्यांच्या दांड्या, भिंतीवरची कॅलेंडरे आणि फोटो, खिडकीची चौकट, फरशीलगतची पट्टी, वायरिंगची केसिंग पट्टी, लाकडी देव्हाऱ्याची पाठ. स्विच बोर्ड उघडायचा असेल तर मेन स्विच बंद करूनच, आणि त्यात कोणताही द्रव फवारू नये. जिथे जिथे खुणा दिसतील तिथे पेन्सिलीने लहानशी फुली करून ठेवावी. दुसऱ्या फेरीत तिचा उपयोग होतो.

पलंग वेगळा पाडणे

आता पलंग असा करायचा, की रात्री त्याच्यावर येण्यासाठी ढेकणाला पायांशिवाय दुसरी वाट राहू नये. पलंग भिंतीपासून निदान अर्धा फूट दूर ठेवावा. चादर, मच्छरदाणी किंवा पांघरूण जमिनीला टेकता कामा नये, आणि मोबाइलच्या चार्जरची वायरही पलंगावर लोंबती ठेवू नये. १० बाय १२ च्या खोलीत अर्धा फूट ही चैन वाटते याची जाणीव आहे; निदान दोन-तीन महिन्यांपुरती ती करावीच.

पायांखाली वाट्या ठेवण्याची जुनी पद्धत योग्यच आहे, मात्र तिच्यात दोन अडचणी आहेत. थंड देशांत विकल्या जाणाऱ्या गुळगुळीत प्लास्टिकच्या सापळा-वाट्या तिथल्या जातीसाठी उत्तम चालतात, पण आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातल्या ढेकणाच्या पायांची पकड गुळगुळीत पृष्ठभागावरही चांगली असते आणि तो अशा वाटीतून चढून बाहेर येऊ शकतो. म्हणून वाटीच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडर घासून लावावी आणि दर काही दिवसांनी पुन्हा लावावी. वाटीत पाणीच ठेवायचे असेल तर त्यात साबण घालावा आणि ते आठवड्यातून दोनदा बदलावे, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डासाची अळी आठवडाभरात मोठी होते आणि ढेकूण घालवता घालवता घरात डेंग्यूला जागा करून दिल्यासारखे होते. वाटीत सापडलेले ढेकूण तारखेसह कॅलेंडरवर लिहावेत. उपाय चालतो आहे की नाही, हे अंगाच्या खाजेपेक्षा ही नोंद अधिक प्रामाणिकपणे सांगते.

उष्णता, आणि मुंबईच्या उन्हाचा गैरसमज

ढेकूण ज्याच्यापुढे हमखास हरतो ती उष्णता. प्रयोगांत असे दिसले आहे, की ४५ अंश सेल्सिअसला मोठा ढेकूण मरायला सुमारे दीड तास आणि अंड्यांना सात तास लागतात. ४८ अंशांना अंडी साधारण सव्वा तास तग धरतात. ५५ अंशांच्या पुढे दोन्ही जवळजवळ लगेच मरतात. विदर्भातल्या आजोळी गाद्या गच्चीवर टाकल्या की ढेकूण जात, ही आठवण अनेकांकडे असते आणि ती खोटीही नाही. पण मुंबईत भर उन्हाळ्यातही दुपारचे तापमान बहुधा ३३ ते ३५ अंशांच्या आसपास राहते. गच्चीवर पसरलेल्या गादीची वरची बाजू चटके देण्याइतकी तापली, तरी ढेकूण चालत सावलीच्या बाजूला, म्हणजे तळाशी जातात आणि संध्याकाळी गादीबरोबर घरी परततात. जून ते सप्टेंबर या काळात तर उन्हाचा प्रश्नच नसतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत गणपतीसाठी पाहुण्यांची ये-जा सुरू असते.

उन्हाचा वापर करायचाच असेल तर काळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत थोडेच कपडे सैल भरून, तोंड घट्ट बांधून, कडक उन्हात गच्चीच्या लादीवर ठेवावेत, मधून उलटावेत आणि पिशवीच्या मध्यभागी स्वयंपाकघरातला थर्मामीटर ठेवून आतला आकडा ५० च्या वर टिकतो की नाही ते पाहावे. आकडा चढला नाही तर ते कपडे वाळवले एवढेच झाले.

कपड्यांसाठी खात्रीचा मार्ग म्हणजे ६० अंशांच्या पाण्यात धुणे. ज्यांच्या वॉशिंग मशीनमध्ये पाणी तापवण्याची सोय आहे त्यांनी ती वापरावी. नसेल तर सुती चादरी, अभ्रे आणि गोधड्या धातूच्या घमेल्यात ठेवून वरून उकळते पाणी ओतावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. ज्या लॉन्ड्रीत ड्रायर आहे तिथे पूर्ण उष्णतेवर अर्धा तास सुकवलेल्या कपड्यांतही काही जिवंत राहत नाही, मात्र कपडे बंद पिशवीत न्यावेत, लॉन्ड्रीवाल्याला कारण सांगावे आणि रिकामी पिशवी तिथेच टाकून द्यावी. धुता न येणाऱ्या जाड कपड्यांच्या शिवणींवर गरम इस्त्री सावकाश फिरवावी. पुस्तके, चपला, मुलांची मऊ खेळणी अशा लहान वस्तू बंद पिशवीतून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर निदान चार दिवस ठेवता येतात. वारंवार उघडला जाणारा घरगुती फ्रीजर तितका थंड राहतोच असे नाही, म्हणून आठवडाभर ठेवलेले बरे. स्वच्छ झालेला कपडा नव्या पिशवीत बंद करूनच कपाटात जावा.

पलंगाच्या फटींसाठी वाफ हे घरगुती हत्यारांतले सर्वांत चांगले हत्यार आहे. कपड्यांना वाफ देण्याचे साधे यंत्रही चालते, फक्त त्याचे तोंड रुंद असावे किंवा त्याच्यावर सुती फडके बांधावे, नाहीतर वाफेच्या झोताने पिल्ले दूर उडतात. फटीवरून तोंड अगदी हळू फिरवावे. वीतभर अंतराला पाच-सात सेकंद लागले पाहिजेत. लोखंडी कॉट असेल तर ती मोरीत किंवा गॅलरीत उभी करून सांध्यांवर आणि पाइपच्या तोंडांत किटलीने उकळते पाणी ओतणे ही आजीच्या काळची रीत आजही तितकीच परिणामकारक आहे. प्लायवूडवर मात्र पाणी ओतू नये, ते फुगते. वाफ विजेच्या बोर्डाजवळ नेऊ नये आणि या कामाच्या वेळी लहान मुले खोलीत नसावीत.

गादीचे काय करावे

गादी फेकून देणे हा पहिला विचार मनात येतो आणि बहुतेक वेळा तो अनावश्यक असतो. फोमची किंवा काथ्याची गादी असेल तर शिवणींना वाफ देऊन ती चारही बाजूंनी बंद होणाऱ्या झिपच्या कव्हरमध्ये घालावी, झिपचे टोक चिकटपट्टीने बंद करावे आणि कव्हर वर्षभर काढू नये. आत अडकलेले ढेकूण चावू शकत नाहीत आणि कालांतराने मरतात. कापसाच्या गादीची खोळ उसवून उकळत्या पाण्यातून काढणे आणि कापूस नव्याने पिंजून घेणे शक्य आहे, पण पिंजणाऱ्याला ढेकणांविषयी आधी सांगावे, कारण त्याच्याकडे शेजारी इतरांचाही कापूस असतो.

गादी टाकायचीच ठरली तर ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर ठळक अक्षरांत "ढेकूण आहेत" असे लिहून आणि मधोमध कापून टाकावी. इमारतीच्या जिन्याखाली चांगल्या स्थितीतली गादी ठेवली की ती रात्रीत कुणाच्या तरी घरी जाते, आणि बरेचदा ते घर त्याच इमारतीतले असते.

फटी बुजवणे

उष्णतेचे काम झाल्यावर, आधी नव्हे, फटी बंद कराव्यात. प्लायवूडच्या कच्च्या कडांवर फेविकॉल किंवा वॉर्निश फिरवावे, स्क्रूची रिकामी भोके आणि पाइपची तोंडे एम-सीलने बुजवावीत, भिंतीच्या चिरांत पुट्टी किंवा पांढरा सिमेंट भरावा, चौकटीभोवतीच्या फटीला सिलिकॉन लावावे. फोटोमागचे खिळे काढले तर त्यांची भोकेही बुजवावीत. एटीएम कार्डाची कड जिथे शिरते तिथे ढेकूण शिरतो, एवढे माप लक्षात ठेवले तरी पुरे.

औषध आणि पेस्ट कंट्रोल

ढेकूण आणि कीटकनाशक यांची झुंज जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने ढेकूण संपल्यासारखे वाटले होते, पण १९४७ मध्येच हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर येथे डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक फवाऱ्यांत पायरेथ्रॉइड गटातली औषधे असतात आणि उष्ण प्रदेशातल्या ढेकणांत त्यांच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती मोठ्या प्रमाणावर तयार झालेली आहे. अंगावर थेट पडले तर काही मरतात, बाकीचे पांगतात. संपूर्ण खोली धुराने भरणारे फॉगर त्याहून निरुपयोगी, कारण तो धूर फटीच्या आत पोहोचत नाही. कापूर, डांबराच्या गोळ्या, वेखंड, कडुनिंबाचा पाला यांनी ढेकूण गेल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात; त्यांच्या भरवशावर आठवडे घालवू नयेत. रॉकेल तर आता मिळणेही दुरापास्त झाले आहे, आणि गादीवर रॉकेल टाकून शेजारी गॅस पेटवणे हा ढेकणांपेक्षा मोठा धोका आहे.

दोन गोष्टींविषयी मात्र स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ढेकणांसाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले डायक्लोरव्हॉस, जे अनेकांना नुवान या नावाने ठाऊक आहे, त्यावर भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. कुणी ओळखीने आणून देतो म्हणाला तरी घेऊ नये. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. धान्याच्या साठ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पलंगाखाली ठेवून खोली बंद करण्याचा सल्ला काही जण देतात. हवेतल्या दमटपणाने या गोळ्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, तो फटींतून आणि पाइपांच्या वाटांतून शेजारच्या घरात जातो आणि त्याच्यावर उतारा नाही. अशा वापराने झोपेतच माणसे दगावलेली आहेत. राहत्या इमारतीत ही गोळी कोणत्याही कारणाने आणू नये आणि शेजारी आणत असल्याचे कळले तर त्याला थांबवावे.

भुकटीच्या स्वरूपातला सिलिका किंवा डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शैवालांच्या अवशेषांपासून बनलेली माती) हा तुलनेने सौम्य पर्याय आहे. ती भुकटी ढेकणाच्या अंगावरचा मेणचट थर शोषून घेते आणि तो सुकून मरतो. मुंबईच्या दमट हवेत डायटोमेशियस अर्थचे काम मंदावते, म्हणून पावसाळ्यात तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. फटीत अगदी पातळ थर द्यावा, नाकातोंडाला रुमाल बांधावा, आणि गादीवर किंवा उशीजवळ ती कधीही टाकू नये.

व्यावसायिक पेस्ट कंट्रोल बोलवायचे असेल तर त्यांच्याकडे कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालील परवाना आहे का, कोणते औषध किती प्रमाणात मारणार, पलंग उघडून सांध्यांत मारणार की वरूनच फवारणार, आणि अंडी फुटल्यानंतरची दुसरी फेरी दहा ते चौदा दिवसांच्या आत त्याच दरात देणार का, हे फोनवरच विचारावे. माझ्या मते तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाची पारख होते: "उघडायची गरज नाही, आमचे औषध आत जाते" असे उत्तर आले तर दुसरीकडे चौकशी करावी. औषधाच्या नावाची चिठ्ठी घेऊन ठेवावी. कुणाला मळमळ किंवा श्वासाचा त्रास झालाच तर डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. फवारणीनंतर सांगितलेले तास घराबाहेर काढावेत आणि परतल्यावर खिडक्या उघडून पंखे लावावेत. घरात तान्हे मूल, गर्भवती किंवा दम्याचा रुग्ण असेल तर ते आधीच सांगावे. माशांची टाकी असेल तर ती हलवावी, कारण पायरेथ्रॉइड माशांना अत्यंत विषारी असते. मांजरालाही ते झेपत नाही. फवारल्यावर लगेच फरशी आणि पलंगाच्या कडा फिनेलने पुसून काढू नयेत, नाहीतर दिलेले पैसे बादलीत जातात.

भिंतीपलीकडची घरे

बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत असो की उपनगरातल्या टॉवरमध्ये, भिंत दोन घरांची असते. विजेच्या नळ्यांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून आणि दाराखालून ढेकूण ये-जा करतात. म्हणून एकाच घराने केलेला उपाय अनेकदा दोन-तीन महिन्यांत वाया जातो. शेजाऱ्यांना सांगायला लाज वाटते, कारण ढेकूण म्हणजे अस्वच्छता असे आपल्याकडे पक्के बसलेले आहे. ढेकणाला रक्त हवे असते, कचरा नको असतो. लख्ख घरातही तो सुखाने राहतो, फक्त पसाऱ्यात त्याला लपायला जागा जास्त मिळते. घरकामाला येणाऱ्या ताईंवर खापर फोडण्याची घाईही करू नये. त्या ज्या चार घरी जातात त्यांपैकी कुठून कुठे काय गेले हे कुणालाच सांगता येत नाही. "काका, आमच्याकडे ढेकूण निघालेत, तुमच्या पलंगाची डोक्याकडची फळी एकदा बघता का?" एवढे सरळ वाक्य पुरते. दोन्ही बाजूंची आणि वरखालची घरे एकाच आठवड्यात तपासली गेली तर उत्तम. सोसायटीच्या कार्यकारिणीला पत्र दिले तर पेस्ट कंट्रोलचा दरही एकत्रित ठरवता येतो.

पुनर्विकासात संक्रमण शिबिरात किंवा नव्या इमारतीत जाणाऱ्या कुटुंबांनी हे काम सामान हलवण्यापूर्वी करावे. टेम्पोत एकत्र चढवलेल्या पलंगांतून ढेकूण एका फेरीत सगळ्या मजल्यांवर पोहोचतात. लिव्ह अँड लायसन्सवर अर्धसज्जित घर घेताना टोकन देण्याआधी पलंगाचा सांधा टॉर्चने पाहून घ्यावा. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून किंवा ओळखीतून जुना पलंग, सोफा घेताना तर विक्रेत्यासमोर पेचकस लावायला संकोच करू नये. लांब पल्ल्याची रेल्वे किंवा स्लीपर बस यांतून आल्यावर बॅग पलंगावर न ठेवता मोरीत उघडावी आणि कपडे थेट धुण्यात टाकावेत. गावाहून आलेल्या गोधड्यांनाही हाच नियम लावावा, मग त्या कितीही मायेने पाठवलेल्या असोत.

गेले असे केव्हा म्हणावे

चावे थांबले म्हणजे ढेकूण गेले असे नाही. दुसऱ्या फेरीनंतर दर रविवारी वाट्या, गादीच्या कव्हरच्या कडा आणि पेन्सिलीने फुल्या केलेल्या जागा पाहाव्यात. सलग आठ आठवडे नवा काळा ठिपका, कात किंवा जिवंत ढेकूण दिसला नाही तर पलंग पुन्हा भिंतीला लावता येईल आणि पिशव्यांतले सामान बाहेर काढता येईल. गादीचे कव्हर मात्र राहू द्यावे. मध्येच, समजा सहाव्या आठवड्यात, वाटीत एखादा ढेकूण सापडला तर तो आकाराने पाहावा. फिकट पिल्लू असेल तर जवळपास कुठेतरी अंडी सुटून गेली आहेत. पूर्ण वाढलेला एकच असेल तर तो बाहेरून किंवा शेजारून आलेला असू शकतो. दोन्ही वेळी सगळे घर उलथेपालथे करण्याची गरज नसते. ज्या पायाखालच्या वाटीत तो मिळाला त्या बाजूची भिंत, चौकट आणि पलंगाचा सांधा एवढेच पुन्हा उघडून वाफ द्यावी, शेजारी विचारणा करावी आणि आठ आठवड्यांची मोजणी त्या तारखेपासून नव्याने सुरू करावी.